खाडाखोडीला गुण नाहीत

आमच्या मराठवाड्यात पावसाचं काही सांगता येत नाही, निबंध स्पर्धांचं मात्र सांगता येतं. त्या वेळेवर येतात. 15 ऑगस्टला पहिली सर पडते. 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, ती चांगला जोर धरते. मग गांधी जयंती, संविधान दिन, सावित्रीबाई. 12 जानेवारीला जिजाऊ आणि विवेकानंद एकाच दिवशी येतात, त्यामुळे हुशार लेकरांच्या नशिबी त्या दिवशी दोन-दोन निबंध. 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन उरकला की आभाळ मोकळं होतं, कारण तोवर वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते आणि भाषेचा गौरव करायला कुणाला फुरसत नसते.

नांदेडहून लातूरला निघालं की वाटेत लोहा, अहमदपूर, चाकूर लागतात. यातल्या प्रत्येक गावात एखादं वाचनालय, एखादं मंडळ, एखादं प्रतिष्ठान आणि एखादा ज्येष्ठ नागरिक संघ असतोच, आणि त्या सगळ्यांना विद्यार्थ्यांच्या सुप्त गुणांना वाव द्यायचा असतो. वाव द्यायचा म्हटलं की परीक्षक लागतो, आणि निवृत्त मराठी शिक्षकाइतका स्वस्त परीक्षक दुसरा नाही. त्याच्याजवळ वेळ असतो, चष्मा असतो, आणि मानधनाचा विषय काढायला तो लाजतो. ‘‘सर, दीडशेच निबंध आहेत. तुमच्यासाठी काय, एका बैठकीचं काम,’’ असं म्हणत कार्यकर्ता सुतळीनं बांधलेला गठ्ठा टेबलावर ठेवतो आणि दारात चपला घालता घालता खरी गोष्ट सांगतो, ‘‘निकाल परवा पाहिजे हो सर. पाहुण्यांची तारीख मिळालीय.’’

गठ्ठ्याबरोबर गुणांचा तक्ता असतो. अक्षर 5, शुद्धलेखन 5, मांडणी 5, भाषाशैली 5, विचार 5. एकूण 25. तळाशी ठळक टाइपात एक सूचना असते : खाडाखोडीला गुण नाहीत. हा तक्ता प्रथम कुणी केला ते कुणालाच ठाऊक नाही. मागच्या वर्षीच्या फायलीत होता, म्हणून या वर्षी आहे.

या पाच रकान्यांपैकी पहिले दोन न वाचताही भरता येतात. अक्षर लांबूनच दिसतं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका बोटांवर मोजता येतात. मांडणीचं निम्मं काम समासावर आणि परिच्छेदांच्या संख्येवर भागतं. ‘विचार’ या रकान्यासाठी मात्र निबंध वाचावा लागतो, आणि इथंच पंचाईत होते. रात्रीचे अकरा वाजलेत, ऐंशीवा निबंध हातात आहे, घरातली मंडळी दिवा कधी मालवणार म्हणून कूस बदलताहेत. अशा वेळी भला परीक्षकसुद्धा नकळत मोजता येतं त्या बाजूला सरकतो. यात लबाडी नसते. मोजलेल्या गोष्टीवर उद्या कुणी भांडायला येत नाही, इतकाच हिशेब असतो. ‘तुमच्या मुलाच्या सात चुका आहेत’ असं पालकांना दाखवता येतं. ‘तुमच्या मुलाच्या निबंधात तुमचा मुलगा कुठंच नाही’ हे कसं दाखवणार?

आणि मोजण्यात आम्ही आधीच पटाईत. ‘लातूर पॅटर्न’ या मुलखातलाच. बोर्डाच्या गुणवत्ता याद्या लागत होत्या तेव्हा त्यांत लातूरची नावं शोधावी लागत नसत, आणि आजही लातूरच्या ट्यूशन एरियात अर्ध्या गुणावर माणसं तासभर बोलू शकतात. मला त्याची चेष्टा करायची नाही. कोरडवाहू शेतकऱ्यांची लेकरं त्या अर्ध्या अर्ध्या गुणांवर डॉक्टर झाली. पण दहावीच्या मराठीच्या पेपरात निबंध आठ गुणांचा असतो आणि त्या आठांतले साडेसात कसे पदरात पाडायचे याचं शास्त्र आमच्याकडे घराघरांत पोचलंय. सुरुवातीला सुविचार, मध्ये दोन काव्यपंक्ती, मोठ्या शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ, शेवटी निर्धार. तोच ऐवज पुढं निबंध स्पर्धेत येतो. शंभर निबंध वाचले की शंभर लेकरांनी एकदम निर्धार केलेला असतो, आणि आता देशाचं भलं झाल्याशिवाय राहत नाही अशी भीती वाटू लागते.

2016 साली लातूरला प्यायला पाणी नव्हतं. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं आणि 12 एप्रिलला पहिली गाडी लातुरात पोचली : 10 टाक्या, 5 लाख लिटर. देशभरातले कॅमेरे ती गाडी बघायला आले होते. त्याच वर्षी पावसाळ्यात एका स्पर्धेचा विषय होता ‘पाण्याचे महत्त्व’. मी गठ्ठा सोडला. जवळपास प्रत्येक निबंधात पृथ्वीचा 71 टक्के भाग पाण्यानं व्यापलेला होता. त्या 71 टक्क्यांत लातूर कुठंही नव्हतं. तीन-चार महिन्यांपूर्वी घागर घेऊन रांगेत उभी राहिलेली लेकरं वर्गात बसून समुद्राविषयी लिहीत होती, कारण गाइडमध्ये समुद्र होता.

एका आठवीतल्या मुलीनं मात्र रांगेविषयी लिहिलं होतं. माणसं घागरी रांगेत लावून घरी जायची आणि कुणाची घागर कुठली हे घागरीच्या गळ्याला बांधलेल्या चिंधीच्या रंगावरून कळायचं, असं तिनं लिहिलं होतं. पुढच्या ओळीत खाडाखोड होती. टँकर रात्री दोनला यायचा असं सांगून तिनं आधी लिहिलं, ‘आई रडायची’. ते खोडून वर लिहिलं, ‘आई जागी राहायची’. तेही खोडून समासाच्या कडेला लिहिलं, ‘आई घागरी मोजायची’.

ही खाडाखोड मी बराच वेळ बघत बसलो. एक तेरा-चौदा वर्षांचं लेकरू, समोर पाऊण तासाची वेळ, बाजूला पर्यवेक्षकाच्या फेऱ्या, आणि त्यात ते रडण्यापासून मोजण्यापर्यंत आलं. लेखक म्हणवून घेणारी पुष्कळ माणसं आयुष्यभर पहिल्या शब्दावरच मुक्काम ठोकून असतात. रडू सांगण्यापेक्षा घागरी मोजणारी बाई दाखवली की वाचणाऱ्याला सगळं कळतं, हे तिला कुणी शिकवलं असेल असं वाटत नाही. तिनं ते त्या पानावर, आमच्या डोळ्यांदेखत शोधलं होतं. तक्त्याच्या हिशेबानं मात्र ती अस्वच्छता होती. माझ्याबरोबरच्या परीक्षकांनी शेरा दिला होता : ‘टापटीप हवी.’ बरीच रदबदली झाली, तेव्हा तिला उत्तेजनार्थ मिळालं. पहिला क्रमांक समुद्राला गेला.

अक्षराचा प्रश्न जगात जुना आहे. चीनमध्ये सरकारी नोकरीसाठी परीक्षा असत आणि त्यांत निबंधच लिहावे लागत. हजारेक वर्षांपूर्वी, सुंग राजवटीत, तिथल्या कारभाऱ्यांच्या लक्षात आलं की नाव झाकून भागत नाही. परीक्षक हस्ताक्षरावरून माणूस ओळखतो. मग त्यांनी कारकून बसवले. उमेदवाराचा प्रत्येक पेपर कारकून आपल्या अक्षरात उतरवून काढी आणि परीक्षकापुढं ती नक्कल जाई. एवढा खटाटोप परवडला तो बादशहाला. आमच्याकडे नाव झाकायला साधा कागद चिकटवायचा म्हटलं तरी कार्यकर्ते एकमेकांकडे बघतात. कारण उघड आहे. निबंधाच्या डोक्यावर शाळेचं नाव आणि मुलाचं आडनाव नसेल, तर यातला संस्थाचालकांचा नातू कोणता हे कळणार कसं?

नातवाचा बंदोबस्त एक वेळ करता येईल. परीक्षकाचा स्वतःपासून बंदोबस्त कसा करायचा, हा खरा घोळ आहे. 1912 साली अमेरिकेत स्टार्च आणि एलियट या दोन संशोधकांनी इंग्रजी विषयाच्या दोन उत्तरपत्रिका छापून शाळाशाळांतल्या शिक्षकांकडे तपासायला पाठवल्या. 142 शिक्षकांचे गुण परत आले. एकाच उत्तरपत्रिकेला कुणी 64 दिले होते, कुणी 98. दुसरीला 50 पासून 97 पर्यंत. लोक म्हणाले, भाषेचा विषय, असं व्हायचंच. मग त्यांनी भूमितीचा पेपर पाठवला. त्यात तर 28 पासून 95 पर्यंत फरक निघाला. म्हणजे त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीजसुद्धा तपासणाऱ्याच्या स्वभावावर अवलंबून असते. गणिताच्या शिक्षकांनी आमच्याकडे बघून हसायचं आता थांबवायला हरकत नाही.

पुढं 1961 साली तिथल्याच प्रिन्स्टनच्या एका परीक्षासंस्थेत डिडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 300 निबंध 53 जणांना वाचायला दिले. नऊ श्रेणी ठरवल्या. 101 निबंधांना पहिलीपासून नववीपर्यंत सगळ्याच्या सगळ्या नऊ श्रेणी मिळाल्या. वाचणारे सगळे जाणते होते : प्राध्यापक, लेखक, वकील. पण त्यांत पाच जातीचे वाचक निघाले. कुणी विचार बघत होतं, कुणी चुका, कुणी मांडणी, कुणी शब्द, आणि काहीजण लिहिणारं माणूस कसं आहे ते हुंगत होते.

हे वाचलं तेव्हा मला आमचे लोक आठवले. आमचे एक ज्येष्ठ स्नेही आहेत, ‘आणि’तला णि दीर्घ दिसला की त्यांचं जेवण जात नाही. निबंधात मुलाच्या आजोबांचं निधन झालेलं असेल तर ते आधी ‘निधन’ नीट लिहिलंय का बघतात. दुसरे मांडणीवाले. त्यांना पट्टीनं आखलेला समास दिसला की मन भरून येतं. तिसरे विचारवाले, म्हणजे निबंधातला विचार त्यांच्या विचाराशी जुळला तर तो विचार. एक बाई आहेत, त्या शब्दांवर जातात. ‘क्षितिज’, ‘तेजोमय’, ‘संस्कारक्षम’ असे तीन शब्द एका परिच्छेदात आले की लेकराचं कल्याण झालं. आणि पाचव्या जातीतला मी. माणूस हुंगणारा. या जातीचाही एक दोष आहे, त्याच्याकडे येतोच.

नांदेडमध्ये परीक्षकांविषयी एक जुनी शंका आहे आणि तिला कारणही तसंच आहे. नरहर कुरुंदकर इथलेच. ‘जागर’, ‘शिवरात्र’, ‘रूपवेध’ लिहिणारे, नाट्यशास्त्रापासून इतिहासापर्यंत कशावरही तासन्‌तास बोलणारे आणि पुढं पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झालेले कुरुंदकर तरुणपणी इंटरच्या परीक्षेत एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा नापास झाले होते. नांदेडकर ही गोष्ट अभिमानानं सांगतात. गंमत अशी की ती सांगताना नापास कुरुंदकर झाले की परीक्षा झाली, हे मोघम ठेवतात. 1982 च्या 10 फेब्रुवारीला ते गेले, तेव्हा अवघे 49 वर्षांचे होते. त्यांचे ते पेपर कुणी तपासले होते, याची चौकशी अजून कुणी केलेली दिसत नाही.

आणि मराठीत एखाद्या शाळकरी मुलीनं लिहिलेला सर्वांत मोठा निबंध कोणता म्हणाल, तर तो 1855 चा आहे. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेचा, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा. ‘ज्ञानोदय’नं तो छापला. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल तिनं त्यात मांडले, आणि वेद तुमचे तर आमचा धर्म कोणता, असं थेट विचारलं. तो निबंध आज नाव झाकून आमच्या एखाद्या स्पर्धेत आला तर काय होईल, याचा मी कधीकधी विचार करतो. समारोपात निर्धार नाही. भाषा जरा कडक. आयोजक म्हणतील, ‘‘सर, चांगलं लिहिलंय, पण पाहुण्यांपुढं वाचून दाखवता येणार नाही.’’ बघा, उत्तेजनार्थ बसतो का.

आता पाचव्या जातीचा दोष. आम्हाला खरं-खुरं, मातीतलं, हाल सोसलेलं आवडतं, आणि ही गोष्ट लेकरांच्या केव्हाच लक्षात आलीय. परीक्षक समुद्राला फसत नसेल तर त्याला दुष्काळ द्या. ‘शेतकऱ्याचे मनोगत’ या विषयावर एका मुलानं असं काही लिहिलं की मी चष्मा पुसला. फाटकं धोतर, कोरडी विहीर, सावकाराचा तगादा. बक्षीस घ्यायला तो आला तेव्हा त्याच्या वडिलांची गाडी लावण्यासाठी शाळेच्या फाटकातल्या दोन मोटारसायकली हलवाव्या लागल्या. सोयाबीनच्या आडतीतले मोठे व्यापारी होते. माणूस भला होता, माझ्या पाया पडला. मुलाची काही चूक नव्हती, मनोगत लिहायला सांगितलं होतं, त्यानं लिहिलं. पण गरिबीला गुण देणं आणि निबंधाला गुण देणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आडत्याच्या मुलानं आडतीवरच लिहिलं असतं, पायली-मापाचं, हमालांच्या पाठीवरच्या पोत्यांचं, मातरं काढण्यावरून होणाऱ्या भांडणांचं, तर ते मी आनंदानं वाचलं असतं. ते त्यानं रोज बघितलेलं होतं.

मग उसना निबंध ओळखायचा कसा? माझ्यापुरती एक खूण सापडलीय. उसन्या निबंधात बिनकामाचा तपशील नसतो. तिथं सगळं कामाचं असतं, प्रत्येक वाक्य बक्षिसाकडे तोंड करून उभं असतं. ‘मी पाहिलेली जत्रा’ हा विषय घ्या. लोह्याजवळ माळेगावला खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, कुत्री, सगळ्यांचा बाजार. आमच्या भागातल्या निम्म्या लेकरांनी ती बघितलेली असते. तरी निबंधात आकाशपाळणा, फुगेवाला आणि ‘अशा प्रकारे आम्ही आनंदाने घरी परतलो’. एका मुलानं मात्र गाढवाच्या खरेदीवर दीड पान खर्ची घातलं होतं. गाढवाचं तोंड उघडून दात कसे बघतात ते सांगितलं होतं. व्यापाऱ्यानं आणि बापानं रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव केला. ‘मला भाव कळाला नाही, पण बाबाच्या तोंडावरून कळालं की महाग पडलं,’ असं त्यानं लिहिलं होतं. यात्रेचं महत्त्व कुठं नाही, सांस्कृतिक वारसा कुठं नाही, घरी आनंदानं परतलेही नाहीत. गाढव वाटेत अडून बसलं होतं.

‘घोडे पळायलेत’ असं तो लिहून गेला होता. बरोबरच्या परीक्षकांनी त्याला लाल गोल केला आणि लगेच मला म्हणाले, ‘‘चहा थंड व्हायलाय, घ्या.’’ मी काही बोललो नाही, चहा घेतला.

आता मोबाइल निबंध लिहून देतो. अक्षर लेकराचं, बाकी सगळं मोबाइलचं. शुद्धलेखन पाचपैकी पाच, मांडणी पाचपैकी पाच, खाडाखोड शून्य. आमचा तक्ता जणू त्याच्यासाठीच करून ठेवला होता. याच्यावर मला तरी एकच उपाय दिसतो. घरून निबंध मागवणं बंद करावं. लेकरांना एका खोलीत बसवावं, विषय तिथंच फळ्यावर लिहावा, आणि तो गावातला असावा. ‘पर्यावरण संवर्धन’ नको. ‘आमच्या बसस्टँडवर संध्याकाळी’ असा द्यावा. लोह्याच्या बसस्टँडवर संध्याकाळी काय असतं, ते गाइडला माहीत नसतं.

आणखी काही साध्या गोष्टी करता येतात. नावाऐवजी क्रमांक टाकावा, हे झालंच. दोन परीक्षक असावेत आणि त्यांनी वेगवेगळ्या कागदावर गुण द्यावेत. आमच्याकडे पहिल्याचे गुण त्याच तक्त्यात असतात आणि दुसरा त्यात पाव-अर्धा कमी-जास्त करून मान राखतो. त्याला तपासणं म्हणत नाहीत, आहेर म्हणतात. गठ्ठा पहिल्यांदा वरून खाली वाचला असेल तर दुसऱ्यांदा खालून वर वाचावा. कंटाळवाण्या दहा निबंधांनंतर आलेला अकरावा उगाच थोर वाटतो, आणि एका अस्सल निबंधामागून आलेलं बिचारं बरं लेकरू विनाकारण मार खातं. शुद्धलेखनाचे गुण शेवटी द्यावेत, आधी नाही. चुका लपून बसत नाहीत, त्या शेवटीही सापडतात. आणि दोन परीक्षकांच्या गुणांत फार अंतर पडलं तर सरासरी काढून मोकळं होऊ नये. ज्या निबंधावर दोन मराठी शिक्षक भांडतात, त्यात काहीतरी असण्याचा संभव पुष्कळ असतो. बोर्डाच्या परीक्षेत तपासणाऱ्यावर नियामक असतो. आपल्याकडे निदान भांडण तरी असावं.

आयोजकांना हे सगळं जमेल असं नाही. पाहुण्यांची तारीख असते, मंडपवाल्याचे पैसे असतात, हे मला कळतं. तेव्हा एकच मागणी करतो. बक्षीस समारंभ संपला की निबंधांचा गठ्ठा कार्यालयातल्या कपाटावर जातो आणि दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे. आपल्या निबंधाचं काय झालं, हे दीडशेपैकी एकाही लेकराला कळत नाही, ज्याला बक्षीस मिळालं त्यालासुद्धा नाही. ते निबंध परत द्या. परीक्षकाला प्रत्येकावर दोन ओळी लिहायला सांगा : कुठलं वाक्य आवडलं आणि कुठं कंटाळा आला. त्यासाठी परवाऐवजी पुढच्या रविवारपर्यंत मुदत द्या. टपालाचा खर्च येणार नाही, शाळा गावातच आहे.